टपाची पन्हळ

अँबॅसिडर किंवा फियाट गाडीतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांनी गाडीच्या टपाच्या कडेने गेलेली पत्र्याची एक बारीक पन्हळ पाहिली असेलच. पाहिली असेल, पण लक्षात राहिली नसेल. लक्षात राहावी अशी ती वस्तूच नव्हे. करंगळी जेमतेम मावेल एवढी तिची रुंदी. पुढच्या काचेच्या कोपऱ्यापासून ती निघे, दोन्ही दारांवरून जाई आणि मागच्या काचेपाशी खाली उतरे. पावसात टपावरचे पाणी तिच्यात गोळा होऊन मागेपुढे वाहून जाई. दार उघडले की मानेवर धार पडत नसे आणि वाफ धरू नये म्हणून काच दोन बोटे खाली ठेवली तरी मांडी भिजत नसे.

आमच्या खानदेशात या पन्हळीचा उपयोग पावसापेक्षा कॅरिअरसाठी जास्त. टपावरच्या लोखंडी कॅरिअरचे आकडे याच पन्हळीत अडकवून बोल्ट आवळत. धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की आग्रा रोडवर सोनगीर लागते. गावाचे नाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी. ब्रिटिश काळच्या गॅझेटियरातही येथील या धंद्याची नोंद आहे. लग्नसराईत येथून निघालेल्या किती टॅक्स्यांच्या टपावर हंडे, कळशा, घंगाळी आणि परातींची गाठोडी गेली असतील याची गणती नाही. ते सगळे ओझे त्या करंगळीएवढ्या कडेवर तोललेले असे, याचा विचार करण्याचे कारण कधी कोणाला पडले नाही.

मला ते कारण पडले ते माझ्या पुतण्यामुळे. आमच्या थोरल्या बंधूंची १९७० सालची फियाट अकराशे सोनगीरच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. दादांनी ती जुनीच घेतली होती आणि अखेरपर्यंत वापरली. ते गेल्यावर चार वर्षे तिच्यावर ताडपत्री होती. पुतण्या पुण्यात नोकरी करतो. मागच्या दिवाळीत त्याने ताडपत्री काढली आणि जाहीर केले, ‘काका, गाडी मी रस्त्यावर आणणार.’ घरात आनंदच झाला. वहिनींनी तर गाडीला ओवाळले. मग त्याने मोबाइलवरची चित्रे दाखवायला सुरुवात केली. त्या चित्रांतल्या जुन्या गाड्यांचे टप अंड्याच्या कवचासारखे गुळगुळीत होते. दारांवरची पन्हळ त्यांत नव्हती. कापून, घासून, रंगाखाली नाहीशी केलेली. आपल्या फियाटचेही तसेच करायचे, असे त्याच्या मनात होते.

ही हौस नवी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, तरुण मुले जुन्या फोर्ड आणि मर्क्युरी गाड्या घेऊन त्यांना वेगळे रूप देऊ लागली. दारांच्या मुठी काढायच्या, चकचकीत पट्ट्या काढायच्या, टप खाली आणायचा. गाडीवर नजर फिरताना ती कोठे अडकू नये, हा सगळा खटाटोप त्यासाठी. पन्हळ काढणे हा त्यातलाच एक प्रकार. हे वेड मला समजते. फियाटच्या टपाची गोलाई इटालियन कारागिरांनी काढलेली. ती खरोखर देखणी आहे, आणि पन्हळीची रेघ तिला मधेच तोडते हे पुतण्याचे म्हणणे खोटे नाही. त्याचा दुसरा मुद्दाही बिनतोड होता. धुळ्याकडचा पाऊस वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. मुंबईत दोन हजारांच्या वर पडतो. ‘काका, आपल्याकडे पन्हळ हवीच कशाला?’

धुळ्याचे एक डेंटर मिस्तरी गाडी पाहायला आले. पत्र्याच्या कामात त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांनी चित्रे पाहिली, टपाभोवती एक फेरी मारली, पन्हळीत नख घालून वाळलेली माती काढली आणि अहिराणीत एवढेच विचारले, ‘मंग पानी कोठे जाई, भाऊ?’ पुतण्या हसला. मला मात्र जुन्या धाब्याची घरे आठवली. आमच्याकडची मातीच्या सपाट धाब्याची घरे पाऊस कमी म्हणूनच बांधली गेली. पण त्या धाब्यालाही पन्हळ असते, भिंतीपासून हातभर बाहेर काढलेली. वर्षात पाऊस किती पडतो हे तिला कळत नाही. एका दुपारी एकदम पडतो तेव्हा भिंत वाचली पाहिजे, एवढेच तिचे काम.

परंतु पाणी हा निम्माच प्रश्न होता. उरलेला निम्मा मिस्तरींनी तोंडाने सांगितला नाही, करून दाखवला.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली, हे वाचकांनी तेव्हा वाचले असेल. पद्मिनी म्हणजे आमच्या अकराशेचीच धाकटी बहीण. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून दोघीही निघाल्या. सत्तरच्या दशकात नाव बदलले, पत्र्याचा साचा जवळपास तोच राहिला. अशाच एका पद्मिनीचा कापलेला टप मिस्तरींकडे भंगारात पडून होता. ‘आधी याच्यावर करू,’ ते म्हणाले. धंद्यातल्या माणसाचे शहाणपण असे असते.

एका रविवारी आम्ही त्यांच्या शेडमध्ये गेलो. त्यांनी आधी पन्हळीतला रंग आणि जुने चिकट सील खरवडून काढले. खाली उघडा पत्रा दिसला, आणि त्यावर दर इंच-दीड इंचाला एकेक गोल ठिपका. हे स्पॉट वेल्डिंगचे ठसे. दोन तांब्याच्या टोकांमध्ये पत्रे दाबून धरायचे आणि क्षणभर जोरदार वीज सोडायची. टोकांमधला पत्रा वितळून एकजीव होतो. कारखान्यात टपाचा पत्रा वेगळा दाबून काढतात, दारांच्या चौकटीचा वेगळा. दोघांच्या कडा बाहेर वळवून एकावर एक ठेवायच्या आणि असे टाके घालायचे. ती बाहेर आलेली जोडकड वर वळवली की तिचीच पन्हळ होते. म्हणजे पन्हळ ही टपाला मागाहून चिकटवलेली पट्टी नव्हे. टप आणि गाडीचे अंग जेथे शिवले आहे ती शिवण म्हणजेच पन्हळ. पाणी वाहून नेणे हे तिने अंगावर घेतलेले जादा काम.

मिस्तरींनी ग्राइंडर लावला आणि फूटभर पन्हळ मुळापासून कापली. ती खाली पडली आणि टपाची कड बोटभर वर उचलली गेली. आत दोन-तीन पत्र्यांच्या कडा वहीच्या पानांसारख्या सुट्या दिसू लागल्या. पुतण्या गप्प झाला. मी त्याच्याकडे न पाहता ठिणग्यांकडे पाहत राहिलो.

मग जोडण्याचे काम. मिस्तरींनी मुद्दामच ते घाईघाईने, एका दमात केले. टपाचा पत्रा असतो जेमतेम पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा. त्यावर सलग वेल्डिंग ओढले की उष्णतेने पत्रा पसरतो; थंड होताना आखडतो, पण मूळ आकारात परत येत नाही. वितभर जागेत टपाला लाटा आल्या. मधे अंगठा दाबला तर पत्रा डब्याच्या झाकणासारखा ‘टक’ करून आत जाई आणि सोडला की ‘टक’ करून बाहेर येई. ‘हे लांबी भरून झाकता येतं,’ मिस्तरी म्हणाले. ‘गिऱ्हाईक खूश होऊन जातं. एक उन्हाळा काढला की तडकतं.’

गॅरेजमध्ये लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे भरण्याचा लगदा. पन्हळ न कापता तिच्यातच लांबी भरून वरून रंग मारणारेही भेटतात. ती तर शुद्ध फसवणूक. गाडी चालताना टप आणि चौकट किंचित हलत असतात. लांबी हलत नाही. भेग पडते, भेगेतून पाणी शिवणीत शिरते आणि आतल्या आत पत्रा कुजतो. वरून दोन वर्षे सगळे झकास दिसते.

नीट करायचे तर कसे? तेही मिस्तरींनी दुसऱ्या बाजूला करून दाखवले. पन्हळ इंच-दोन इंचच कापायची. कापल्याबरोबर तेवढ्याच जागेत दोन्ही कडा एकमेकींना टेकवून सीओटू वेल्डिंगचे दोन-तीन टिपके मारायचे. मग तेथून उठायचे आणि टपाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन तसेच करायचे. पहिली जागा हाताला गार लागल्याशिवाय तिच्याजवळ फिरकायचे नाही. टिपक्यांच्या मधल्या जागा नंतर भरत जायच्या, त्याही टप्प्याटप्प्याने. मग बाहेरून हलकी हातोडी, आतून डॉलीचा ठोकळा. ठोकत, चाचपत पत्रा सारखा करायचा. या सगळ्या काळात दारे बिजागरीवर बसवलेली ठेवायची, कारण चौकट दोन सूत सरकली तरी दार लागत नाही. अर्थात हे सारे करण्याआधी काचा, आतले छताचे अस्तर, गाद्या, वायरिंग आणि बॅटरी बाहेर आली पाहिजे आणि पेट्रोलची टाकी उतरवली पाहिजे. ठिणगीला अस्तर आणि जुनी वायर फार आवडते. दीड तासात मिस्तरींनी वीतभर काम केले. ते मात्र सुरेख होते. हात फिरवला तर जोड लागत नव्हता. पूर्ण टपाला किती दिवस लागतील असे विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘पावसाळा धरू नका.’

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या त्या जुन्या कारागिरांकडे आजची लांबी नव्हती. जोड बुजवण्यासाठी ते शिसे आणि कथील यांचा मिश्र धातू वापरत. साधारण सत्तर भाग शिसे, तीस भाग कथील. हे मिश्रण एकदम पातळ होत नाही. १८३ अंशांपासून सुमारे २५५ अंशांपर्यंत ते लोण्यासारखे मऊ राहते. पत्रा आधी साफ करून त्यावर कथलाचा पातळ थर द्यायचा आणि मग चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने तो मऊ धातू पसरायचा. इतका धातू अंगावर घेतलेल्या गाड्यांना तिकडे चेष्टेने ‘लेड स्लेड’ म्हणजे शिशाची घसरगाडी म्हणत. हे वाचताना सोनगीरचा माणूस थबकेल. भांडे तापवायचे, नवसागराची चिमूट टाकून पृष्ठभाग साफ करायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने भरभर फिरवायचे, ही आपली कल्हईच की! फरक इतकाच की भांड्याच्या कल्हईत शिसे चालत नाही. ते विष आहे. गाडीवरचे शिसेही ग्राइंडरने घासू नये, त्याची धूळ फुप्फुसात जाते. कानशीने हळूहळू उतरवावे, असे त्या धंद्यातले जाणते लोक सांगतात.

पुतण्याने तेव्हा एक प्रश्न विचारला आणि तो योग्यच होता. पन्हळ इतकी महत्त्वाची, तर आजच्या गाड्यांना ती का नाही? आहे, फक्त जागा बदलली आहे. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा गाडीने वारा कमी अडवावा यासाठी कारखानदारांची धडपड सुरू झाली. १९८२ सालच्या ऑडी १०० या गाडीच्या काचा आणि कडा पत्र्याशी सपाट बसवलेल्या होत्या आणि तिची त्या काळी फार चर्चा झाली. बाहेर आलेली पन्हळ वाऱ्याला अडवते, वेगात शिट्टीसारखा आवाज करते, म्हणून ती गेली. पण टप आणि चौकट शिवायला तर हवीतच. मग ती शिवण टपाच्या वर घेतली गेली. तुमच्या दारातल्या आजच्या साध्या मोटारीच्या टपावर बोट फिरवून पाहा. दोन्ही कडांना पुढून मागे गेलेल्या दोन काळ्या पट्ट्या लागतील. त्यांच्याखालच्या चरात तीच शिवण असते. पाणी अडवायला दाराभोवती जाड रबरांची रांग असते. म्हणजे नव्या गाडीत पन्हळ नाही ती पहिल्यापासून तसा विचार करून. जुन्या गाडीची पन्हळ कापून टाकली, तर तिची कामे करायला मागे कोणी उरत नाही. अकराशेच्या दाराचे रबर पन्हळीच्या भरवशावर बेतलेले. कॅरिअरचे आकडेही मग अडकणार कोठे?

कायद्याचाही प्रश्न आहेच. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. रंग बदलणे वेगळे आणि टपाची शिवण कापणे वेगळे, हे सांगायला वकील लागत नाही. शिवाय २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि फार मोठी उलथापालथ न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार रुपये; क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी मात्र रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. आमची गाडी वयाने पात्र आहे. पण पन्हळ कापली की ‘मूळ रूप’ हा शब्द कोणत्या तोंडाने उच्चारायचा?

एवढे सगळे मी पुतण्याला ऐकवले. तो म्हणाला, ‘काका, तुम्ही गाडीचं देऊळ करताय. बाबांनी काय कमी बदल केले? स्टिअरिंगजवळचे गिअर काढून खाली आणले, डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला, मागे स्पीकर कापून घातले. तेव्हा तुम्ही मूळ रूप काढलं नव्हतं.’ हे खरे आहे. दादा गाडीला हात लावायला कधी भ्यायले नाहीत. गाडी वापरणाऱ्याची असते, पाहणाऱ्याची नसते, असे ते मानत. वडिलांची वस्तू मुलाने जशीच्या तशी ठेवावी ही अपेक्षा बहुतेक वेळा आपण काकामंडळीच करतो. त्या वस्तूचा इन्शुरन्स मात्र मुलाने भरायचा असतो.

तरीही मला एक फरक दिसतो आणि तो मी त्याच्यापुढे मांडला. दादांनी केलेला प्रत्येक बदल परत फिरवता येतो. अल्टरनेटर काढून डायनॅमो लावता येईल. स्पीकरची भोकेसुद्धा बुजवता येतील. कापलेली पन्हळ परत येत नाही. कारखान्याने दाबून, टाके घालून केलेली ती कड तशीच्या तशी पुन्हा करायला कुर्ल्याचा तो कारखाना राहिलेला नाही. जे एकदाच करता येते ते करण्याआधी एक वर्ष थांब, गाडी आहे तशी चालव, मग ठरव, एवढेच माझे म्हणणे होते. तो लगेच ‘हो’ म्हणाला नाही. जेवताना वहिनी सहज म्हणाल्या, ‘माझ्या लग्नातला बंब त्याच कॅरिअरवरून आला होता.’ त्यावर कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुतण्याने मिस्तरींना फोन केला तो पन्हळ दुरुस्त करण्यासाठी.

दुरुस्तीची गरज होतीच. डाव्या मागच्या दारावर नऊ इंच पन्हळ कुजलेली निघाली. वर्षानुवर्षांची धूळ, त्यात लिंबाचा फुलोरा आणि पाने; पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो, सील तडकलेले असते, ओल शिवणीत उतरते आणि राहते. तेवढा कुजका भाग बारीक करवतीने काढला. नवा तुकडा वळवायचा तर पन्हळीचा तो उथळ बाक मशिनवर येईना. तेव्हा मिस्तरींनीच सुचवले, ‘तुमच्या गावात तांबट आहेत ना?’ गल्लीतल्या एका वयस्क तांबटकाकांनी पोलादी पट्टी हातात घेतली, ‘तांब्यासारखी ऐकत नाही हो ही’ असे म्हणत मेखेवर धरली आणि अर्ध्या तासात हातोडीने बाक काढून दिला. पैसे घेतले नाहीत, पण आपल्या घंगाळाच्या काठाला असाच बाक असतो हे दोनदा सांगितले. तो तुकडा टिपक्या-टिपक्याने बसला. आत गंज रोखणारा प्रायमर, त्यावर नवे सील, मग रंग.

परवा पाण्याची परीक्षा घेतली. पुतण्या स्टुलावर चढला आणि घरातल्या पितळी कळशीने टपावर संथ धार सोडू लागला. पाणी पन्हळीत उतरले, दोन्ही दारांवरून वळले आणि मागच्या चाकाशेजारी खाली पडले. आत मिस्तरी बसले होते, हातात खडू घेऊन. उजव्या बाजूला, पुढच्या दाराच्या कोपऱ्यावर एक थेंब आत आला. ‘थांबा, ओतत रहा,’ अशा दोन्ही सूचना त्यांनी एकदमच केल्या आणि अस्तर नसलेल्या पत्र्यावर त्या जागी एक गोल काढला.